वडिलांचा हात थरथरतो, हे फवारणीमुळे असेल का?

दादा, यावलकडे केळी-कपाशी करणाऱ्या तुमच्या वडिलांचा उजवा हात वर्षभरापासून थरथरतो, चाल मंदावलीय आणि घरचे ‘वय झालं’ म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. एवढ्यावर सोडून देऊ नका. हात मांडीवर निवांत असताना एकाच बाजूने येणारा कंप पार्किन्सनचा, म्हणजे हालचाली मंदावणाऱ्या मेंदूच्या आजाराचा असू शकतो. मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा. वास कमी येणं, बद्धकोष्ठता, झोपेत ओरडणं, हातपाय झाडणं असलं काही असेल तर तेही सांगा; कंपाच्या कित्येक वर्षं आधी ते सुरू होऊ शकतं.

फवारणीमुळेच झालं का, हे एका माणसापुरतं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण शंका पोकळ नाही. केळीतल्या तणावर मारतात ते पॅराक्वाट हाताळणाऱ्यांमध्ये पार्किन्सन जास्त आढळल्याचे अभ्यास आहेत. युरोपीय संघात ते 2007 पासून बंद आहे, आपल्याकडे विकलं जातं. फ्रान्सने तर 2012 मध्ये कीटकनाशकं हाताळणाऱ्या शेतकऱ्यांचा पार्किन्सन हा कामामुळे होणारा आजार मानला. म्हणून डॉक्टरांकडे जाताना कागदावर लिहून न्या: फवारणीची कुठली औषधं, किती वर्षं, पंप कोण मारायचं, कधी चक्कर-उलट्या झाल्या होत्या का.

कपाशीवरची प्रोफेनोफॉस, क्विनॉलफॉस ही कीटकनाशकं वेगळी गोष्ट. नसेने स्नायूला दिलेला इशारा वेळेवर थांबवणारं एन्झाइम ती बंद पाडतात. मग विषबाधेची लक्षणं दिसतात: लाळ, घाम, बारीक झालेल्या बाहुल्या, फडफडणारे स्नायू. दवाखान्यातून बरं वाटून घरी आलेल्या माणसालाही एक ते चार दिवसांत मान उचलता न येणं, धाप लागणं असा त्रास होऊ शकतो. तेव्हा क्षणभरही थांबू नका, जवळच्या मोठ्या दवाखान्यात न्या आणि फवारलेल्या औषधाचा डबा सोबत घ्या. अशा काही कीटकनाशकांनी विषबाधेनंतर दोन-तीन आठवड्यांनी पायांत मुंग्या येऊन ताकद जाते.

आपल्याकडे लोक तोंडाला रुमाल बांधतात आणि निर्धास्त होतात. विष मात्र कातडीतून शिरतं, ओली पँट, गळका पंप, तोंडाने फुंकलेलं नोझल यांतून. 2017 मध्ये यवतमाळला फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जण दगावले, तेव्हा कपाशी डोक्याएवढी वाढली होती आणि फवारा अंगावरच येत होता.

निदान काहीही निघो, वडिलांची फवारणी आजपासून बंद करा. औषध कालवायलाही त्यांना बसवू नका, आणि फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका, आई ते हाताने धूत असेल तर हातमोजे घालूनच.