चाळिशीनंतर नदी-समुद्रात लांब पल्ल्याचं पोहावं का? त्यातून मिळतं काय?

तुम्ही लिहिलंय की वय ४३ आहे, स्विमिंग पूलमध्ये रोज अर्धा तास पोहता, पण नदी-समुद्रात तासन्‌तास पोहणाऱ्यांना त्यातून काय मिळतं ते कळत नाही, आणि संसारी माणसाने या फंदात पडावं का. मी शहादा तालुक्यातला, वय ४७. सहा वर्षांपासून सारंगखेड्याजवळ तापीत पोहतोय. माझं उत्तर, जरूर पडावं.

आमच्याकडे पोहणं विहिरीत शिकतात. काकांनी पाठीला रिकामा डबा बांधून ढकलून दिलं होतं. मग अख्खा मे महिना विहिरीतच गेला: मुटके मारायचे, तळाचा दगड वर आणायचा, पाण्यात शिवाशिवी. पुढे नोकरी लागली आणि हे सगळं वीस वर्षं बंद पडलं. पूलला जायचो, पण ते औषधासारखं. पंचवीस मीटर झाले की भिंत, वळा, फेरी मोजा.

नदीत मोजायला काही नसतं. बॅरेजच्या, म्हणजे नदीवरच्या दरवाज्यांच्या बंधाऱ्याच्या, वरच्या अंगाला पाणी तुंबून असतं, पात्र रुंद, समोरच्या काठावरचं एक निंबाचं झाड धरून निघायचं. दर आठ-दहा हातांनी डोळे जरा वर काढून ते झाड बघायचं, नाहीतर माणूस हमखास वाकडा जातो. माझा डावा हात जोरकस, त्यामुळे मी उजवीकडे सरकतो. पहिल्या दिवशी मान वर केली तर झाड पार डावीकडे, आणि सोबतची होडी चालवणारे भाऊ अहिराणीत विचारतायत, "भाऊ, कथा जाई राह्यना?" (कुठे चाललाय?) त्या दिवसापासून झाड न चुकवता समोर ठेवणं हाच माझा खेळ झाला. कधी वारा सुटतो, लाट तोंडावर येते, मग श्वास दुसऱ्या बाजूने घ्यायचा. एका पट्ट्यात पाणी कोमट लागतं, दोन हात पुढे एकदम गार. पायाला शेवाळ लागलं की अजूनही अंगावर काटा येतो. दर वेळी नदी काहीतरी नवीन पुढे टाकते आणि आपण त्यावर तोड काढतो. लहानपणी विहिरीत हेच तर करायचो.

एका डिसेंबरात, सारंगखेड्याची घोड्यांची यात्रा भरलेली, मी पहिल्यांदा सलग तीन तास पोहलो. होडीला हात लावायचा नाही असं ठरवलेलं. दर अर्ध्या तासाने भाऊ सुतळीला बांधलेली गूळपाण्याची बाटली फेकायचे, मी उताणा पडून पिऊन घ्यायचो. केळ्याचे दोन तुकडेही तसेच पाण्यात खाल्ले. अडीच तासांनी दात वाजायला लागले, खांदे भरून आले. पाण्याबाहेर निघावंसं वाटलं, पण अजून शंभर हात, अजून शंभर, असं करत काठ गाठला. तिथे भाऊंनी, वय साठच्या पुढे, सदरा काढला आणि होडीवरून मुटका मारला. इतकी वर्षं नदीवर राहून निव्वळ मजेसाठी कधीचा उतरलो नव्हतो, म्हणाले.

होडीला हात न लावण्याचा नियम इंग्लिश खाडीचा. तिथे साधा पोहण्याचा पोशाख, टोपी, गॉगल एवढंच चालतं. इंग्लंड-फ्रान्स अंतर सरळ रेषेत साधारण ३३ किलोमीटर, पण भरती-ओहोटी ओढत नेते म्हणून प्रत्यक्षात बरंच जास्त पोहावं लागतं. मॅथ्यू वेबने १८७५ मध्ये ती पहिल्यांदा पार केली तेव्हा २१ तास ४५ मिनिटं लागली. आपल्याकडून १९५८ मध्ये मिहिर सेन आणि १९५९ मध्ये आरती साहा यांनी केली. पुण्याच्या रोहन मोरेंनी तर 'ओशन्स सेव्हन' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जगातल्या सातही अवघड सामुद्रधुन्या पोहून पार केल्या. मी त्या वाटेला जाणार नाही, पण आपण तापीत जे करतो ते त्याच जातीचं आहे हे माहीत असलं की थंडीत उतरायला बळ येतं. समुद्र चाखायचा असेल तर मालवणच्या चिवला बीचवर डिसेंबरात स्पर्धा होते, मोठ्या वयाच्या लोकांसाठीही गट असतात.

आता जपायचं ते. एकट्याने कधीच उतरू नका, सोबत होडी हवीच. कमरेला बांधायचा भडक रंगाचा फुगा घ्या, लांबून दिसतो. धरण-बॅरेजवर परवानगी विचारा, दरवाज्यांच्या आसपास जाऊ नका. पावसाळ्यात तर नदीचं नावच काढू नका. वर हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की खाली तापी बघता बघता चढते. मगरी, जाळी, खोल डोह यांची माहिती मासेमारी करणाऱ्यांनाच असते, त्यांना विचारूनच जागा ठरवा. आणि आधी डॉक्टरांकडून छाती तपासून घ्या.

पूलमध्ये न थांबता एक तास पोहता यायला लागलं की कळवा. धुळे-नंदुरबारकडचे असाल तर रविवारी सकाळी आमच्याबरोबर या, होडीची सोय मी करतो.