प्रो मायक्रो या आर्डुइनो-सुसंगत बोर्डावर घरी बनवलेल्या कंट्रोलरमधून अक्षरं उमटतात, पण आवाज, प्ले-पॉज आणि पॉवर का चालत नाही?

त्याच बटणांना अक्षरं नेमली की ती उमटतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे वायरिंग ठणठणीत आहे. मल्टिमीटर बाजूला ठेवा. तुम्ही आर्डुइनोची नेहमीची कीबोर्ड लायब्ररी वापरताय आणि घोडं तिथेच अडलंय.

यूएसबीवर कॉम्प्युटरला बटण दिसत नाही, दिसतो तो यूसेज पेज, म्हणजे बटणांच्या कामांचा गट, आणि त्यातला नंबर. अक्षरं, एंटर, एफ-१ वगैरे पेज ०७ मध्ये येतात. आवाज आणि गाण्याची बटणं कन्झ्युमर पेजवर, म्हणजे ०सी वर. तिथे आवाज वाढवायला हेक्स (सोळाच्या पायाच्या मोजणीत) ई९, कमी करायला ईए, म्यूटला ई२ आणि प्ले-पॉजला सीडी. पॉवर, स्लीप, वेक हे तिसरीकडेच: पेज ०१, सिस्टिम कंट्रोल, नंबर हेक्स ८१ ते ८३. तुमच्या बोर्डाने जोडताना पाठवलेल्या रिपोर्ट डिस्क्रिप्टरमध्ये, म्हणजे आपण काय काय पाठवणार याच्या यादीत, ही पेजेस जाहीरच केलेली नसतील, तर कोडमधून काहीही पाठवा, पलीकडे कोणी ऐकत नाही.

पेज ०७ वरही पॉवर नावाची एक की आहे, नंबर साध्या दशमान मोजणीत १०२. बरेच जण तीच पाठवून बघतात. पण एचआयडीच्या, म्हणजे यूएसबी कीबोर्ड-माउसच्या मानकाच्या, मूळ दस्तऐवजातला नमुना कीबोर्ड डिस्क्रिप्टर १०१ लाच थांबतो, आणि तोच उचलून जागोजागी डकवलेला असतो. मर्यादा वाढवलीत तर लिनक्स ती की ओळखतं, तरी माझं मत विचाराल तर सिस्टिम कंट्रोलच धरा.

तुमच्या प्रो मायक्रोवरच्या ३२यू४ चिपसाठी सोपा मार्ग म्हणजे एचआयडी-प्रोजेक्ट ही लायब्ररी. तिच्यात कन्झ्युमर आणि सिस्टिम दोन्ही तयार आहेत. क्यूएमके हे कीबोर्डचं तयार फर्मवेअर वापरत असाल तर रूल्स फाइलमध्ये एक्स्ट्राकी चालू करा. डिस्क्रिप्टर स्वतः लिहिणार असाल तर एकाच इंटरफेसवरच्या प्रत्येक कलेक्शनला (कीबोर्ड, कन्झ्युमर, सिस्टिम) वेगळा रिपोर्ट आयडी द्या, आणि कन्झ्युमरचं फील्ड १६ बिटांचं ठेवा. आवाजाला एक बाइट पुरतो, पण कॅल्क्युलेटरचा नंबर हेक्स १९२ आहे, तो त्यात मावत नाही. बायोसमध्येही टाइप करायचं असेल तर साधा कीबोर्ड वेगळ्या इंटरफेसवर, रिपोर्ट आयडीशिवाय असू द्या.

आता आवाजासाठी फिरवायचा नॉब लावला असेल तर त्याचं. प्रत्येक खटक्याला ई९ पाठवलं की लगेच त्याच रिपोर्टमध्ये शून्यही पाठवायचं. शून्य गेलं नाही तर कॉम्प्युटर बटण दाबूनच धरलंय असं समजतो आणि आवाज शंभरापर्यंत चढत जातो. हेडफोन कानाला लावून चाचणी करू नका.

लिनक्सवर इव्हटेस्ट, म्हणजे आलेल्या की दाखवणारा प्रोग्रॅम, चालवून बघा. की-पॉवर दिसतंय आणि तरी मशीन ढिम्म, तर तुमच्या बोर्डाचं काम झालंय. पुढचा निर्णय सिस्टिमडीच्या लॉगिनडी या सेवेचा किंवा डेस्कटॉपचा असतो. लॉगिनडीच्या कॉन्फिग फाइलमध्ये हँडल-पॉवर-की काय आहे ते पाहा. जीनोम हा डेस्कटॉप मात्र हा कारभार स्वतःकडे घेतो, म्हणून तिथे त्याच्याच सेटिंग्ज तपासायच्या. विंडोजवर पॉवर ऑप्शन्समध्ये पॉवर बटण दाबल्यावर काय करायचं ते ठरवता येतं.

बंद पीसी याच बटणाने चालू करायचाय का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. झोपलेला पीसी जागा करायचा तर बोर्डाच्या कॉन्फिगरेशन डिस्क्रिप्टरमध्ये (रिपोर्ट डिस्क्रिप्टरमध्ये नव्हे) रिमोट वेकअप जाहीर करावं लागतं आणि पीसीवर त्याला परवानगी द्यावी लागते. पूर्ण बंद पीसीचं मात्र मदरबोर्डवर आहे: बंद असताना यूएसबीला ५ व्होल्ट मिळतात का, आणि बायोसमध्ये कीबोर्डने चालू करायची सोय आहे का. नसेल तर यूएसबीच्या नादी लागू नका. ऑप्टोकपलरचं (प्रकाशाने चालणारा, दोन सर्किट विजेने वेगळी ठेवणारा स्विच) आउटपुट मदरबोर्डवरच्या पॉवर स्विचच्या दोन पिनांना, कॅबिनेटच्या बटणाला समांतर जोडा. फक्त ध्रुवता आधी तपासा. बोर्डाला वीज मात्र सतत मिळायला हवी.