कॉलेजसाठी पुण्यात आल्यापासून इन्स्टा बघून खूप एकटं वाटतं, अकाउंट डिलीट करू का?

तू लिहिलंयस की नांदेडहून येऊन दोन महिने झाले, कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने घेऊन राहतेस, क्लासमधल्या सगळ्यांचे ग्रुप झालेत नि स्टोऱ्या बघून रडायला येतं. वाचून पोटात कालवलं अगं, कारण २०१७ ला लातूरहून सदाशिव पेठेत आले तेव्हा माझं अगदी हेच झालं होतं.

सगळ्यात वाईट रविवारची संध्याकाळ. दुपारी मेसला फीस्ट आणि संध्याकाळी मेस बंद, मग मी कॉटवर बसून दुपारच्याच दोन पोळ्या चहात बुडवून खायचे नि दुसऱ्या हाताने मोबाईल सरकवत राहायचे, दिवसाचा एक जीबी संपेपर्यंत. एकदा क्लासमधल्या चौघींचा सिंहगडावरचा फोटो आला, पिठलं-भाकरी, दह्याची मडकी, सगळ्या हसतायत, आणि मला इतकं लागलं की मी लाईट बंद करून झोपले. पुढे त्यातलीच एक माझी जवळची मैत्रीण झाली आणि तिने सांगितलं की त्या दिवशी परत येताना ती गाडीवर मागे बसून रडत होती, कारण बाकी तिघी शाळेपासूनच्या आणि ही चौथी, उगाच बरोबर नेलेली. मीसुद्धा तेव्हा शनिवारवाड्यापुढे उभं राहून हसरा फोटो टाकला होता, त्यावर गावाकडच्या मैत्रिणीने लिहिलं, मज्जाय बाई तुझी!

डिलीट करायचं का, तर माझ्या मते पूर्ण बंद करायची गरज नाही, कमी मात्र नक्की कर. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १४३ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग झाला होता, २०१८ मध्ये छापून आला, त्यात काही जणांना फेसबुक, इन्स्टाग्राम, स्नॅपचॅट प्रत्येकी दहा मिनिटं, म्हणजे दिवसाला अर्धाच तास वापरायला सांगितलं आणि तीन आठवड्यांत त्यांचा एकटेपणा आणि उदासी कमी झाली. पण अर्धा तास सोडून उरलेल्या वेळात करायचं काय हा प्रश्न उरतोच ना, मी एकदा ॲप काढून टाकलं होतं तर नुसतं छताकडे बघत बसले आणि चौथ्या दिवशी परत टाकलं.

माझं बदललं ते मेसमध्ये. मी रोज पाण्याच्या जगला मोबाईल टेकवून व्हिडिओ बघत जेवायचे, म्हणजे एकटी बसलेय हे कुणाला कळू नये. एक दिवस चार्जिंग नव्हतं म्हणून नुसतीच जेवत होते, तर समोरची म्हणाली, कांदा घेणारेस का, नाहीतर मी घेते. एवढंच. ती पुरुषोत्तम करंडकच्या, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या टीममध्ये होती, म्हणाली बॅकस्टेजला माणसं हवीयत, ये की. मला नाटकातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण महिनाभर रोज संध्याकाळी तालमीला जाऊन मी कपड्यांना इस्त्री केली, प्रॉपर्टीची, म्हणजे नाटकात लागणाऱ्या वस्तूंची पेटी सांभाळली, आणि भरत नाट्य मंदिरात आमची एकांकिका लागली तेव्हा पडदा उघडायच्या आधी घसा फुटेपर्यंत "अरे आव्वाज कुणाचा" ओरडले. त्या महिन्यात कुणी मला मुद्दाम मैत्रीण केलं नाही, रोज तीच माणसं त्याच वेळेला भेटत गेली आणि होत गेलं. नाटकच हवं असं नाही, एनएसएस असेल, ढोलपथक असेल, कमवा-शिकाचं काम असेल, जिथे तू नाही आलीस तर कुणीतरी विचारेल अशी एक जागा शोध.

आणि हो, झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणंच नको असं मनात येत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनला १४४१६ वर फोन कर, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास असतं, मराठीतही बोलता येतं. यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही.

बाकी येत्या रविवारी मेस बंद असेल तेव्हा शेजारच्या कॉटवालीला विचार, खायला कुठे जातेयस, मी पण येऊ का. बहुतेक तीही दुपारच्या पोळ्या झाकून ठेवून बसली असेल.