वाचक विचारतात : पायी पायी पणजी

पणजीच्या जुन्या भागात काय पाहावं, कधी पाहावं, कसं फिरावं याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही पत्रं आणि त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

सकाळच्या एसटीने पणजीला येऊन संध्याकाळी परत जायचं आहे. सोबत सत्तरी ओलांडलेली आई आहे, तिचे गुडघे दुखतात. गाडी भाड्याने न घेता काय काय पाहून होईल?
– एक वाचक, कुडाळ

बरंच काही होईल, फक्त क्रम नीट लावा. पणजीचा जुना भाग लहान आहे. आल्तिनोची टेकडी मधे आणि तिच्या भोवती वस्ती, असा त्याचा साधा नकाशा. सपाटीवरूनच फिरायचं ठरवलंत तर आईंना चढ जवळजवळ लागणारच नाही.

कदंब बसस्थानकावर साडेआठच्या आत उतरलात तर उत्तम. पाटोच्या पुलावरून खाडी ओलांडली की दहा-बारा मिनिटांत फोंतेन्हास ही रंगीत जुन्या घरांची वस्ती येते. आईंना एवढंही चालवत नसेल तर स्थानकाबाहेरून रिक्षा करा आणि भाडं बसण्याआधी ठरवा. पुढचा मडगार्ड पिवळा असलेल्या मोटारसायकली म्हणजे इथले ‘पायलट’. एकट्या माणसाला ते सोयीचे, पण गुडघेदुखीवाल्यांना त्यांच्या मागे बसवू नका.

फोंतेन्हासमध्ये तासभर काढा. तिथून चर्च स्क्वेअर जेमतेम अर्धा किलोमीटर. मधल्या रस्त्याला चढ आहे, म्हणून आईंना खालच्या सपाट रस्त्याने न्या. चार पावलं जास्त पडतील, पण गुडघे वाचतील. चर्चच्या पायऱ्या चढायलाच हव्यात असं नाही. नागमोडी जिना, त्यावरचा पांढरा दर्शनी भाग आणि मधोमध टांगलेली घंटा हे सगळं खालूनच जास्त चांगलं दिसतं. ही घंटा जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची, १८७१ साली इथे बसवली. समोर १८५५ साली आखलेली गार्सिया द ओर्ता बाग आहे. तिथे सावलीत बाकं आहेत, आईंना अर्धा तास बसू द्या. बागेतल्या खांबावर पूर्वी वास्को द गामाचा अर्धपुतळा होता, आज तिथे अशोकस्तंभाचे सिंह आहेत.

मग नदीकडे वळा. आदिलशहाचा वाडा, म्हणजे आपलं जुनं सचिवालय, आणि त्याच्या शेजारी आबे फारियांचा पुतळा. संमोहनशास्त्राचा पाया घालणारे फारिया मूळचे कांदोळीचे. १९४५ सालचा हा पुतळा मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांचा. तो समोरून पाहून पुढे जाऊ नका, बाजूला येऊन उभे राहा. फारियांचे ताणलेले हात आणि मागे कलणारी स्त्री यांच्यामधली मोकळी जागा बाजूनेच दिसते, आणि शिल्पातला सगळा जोर त्या जागेत आहे.

जेवून एक वाजता उन्हात फिरत बसू नका. पाटोवरच्या संस्कृती भवनातल्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जा. १८३२ साली सुरू झालेलं हे ग्रंथालय २०११ पासून या नव्या इमारतीत आहे. लिफ्ट आहे, पंखे आहेत, बसायला भरपूर जागा आहे आणि मराठी पुस्तकांचं दालन पोटभर आहे. ज्यांचं नाव त्याला दिलं आहे त्या कृष्णदास शामा यांनी १५२६ साली, पोर्तुगीज अमलाच्या अगदी आरंभी, ‘श्रीकृष्णचरित्रकथा’ मराठीत रचायला घेतली. मराठी वाचकाने पणजीत येऊन हे ग्रंथालय पाहू नये हे मनाला पटत नाही. ते बसस्थानकापासून जवळ असल्याने परतीच्या एसटीची धावपळही होत नाही.

फोंतेन्हासमध्ये फोटो काढताना एका घरातून आम्हाला हटकलं गेलं. तिथे फोटो काढायला बंदी आहे का? आणि चांगले फोटो नेमके कधी मिळतात?
– महाविद्यालयीन विद्यार्थी, डिचोली

रस्त्यावर उभं राहून गल्लीचा फोटो काढायला कुणी अडवत नाही. पण ही राहती घरं आहेत. त्यांची दारं थेट रस्त्यावर उघडतात, अंगण नावाची गोष्टच मधे नाही. दारातल्या पायरीवर बसलात की तुम्ही त्या घरात बसलात. दिवसातून पन्नास वेळा अनोळखी माणसं पायरीवर बसून पोझ देऊ लागली तर कुणीही वैतागेल. पायरी, खिडकीची चौकट, बाल्कांव (दारापुढची बसायची पडवी) आणि घरातली माणसं यांच्यापैकी काहीही घ्यायचं असेल तर आधी विचारा. ‘फोटो काढू नये’ अशी पाटी असेल तिथे विचारूही नका.

वेळेचं म्हणाल तर सकाळी सात ते साडेनऊ. फोंतेन्हास आल्तिनोच्या पूर्व उताराला, टेकडी आणि खाडी यांच्यामध्ये आहे. सकाळचं ऊन खाडीकडून थेट भिंतींवर पडतं. दुपार कलली की टेकडीची सावली लवकर उतरते आणि पिवळा, निळा, तांबडा असे सगळेच रंग मंद होतात. संध्याकाळच्या सोनेरी उजेडाची वाट पाहत थांबणारे म्हणूनच इथे निराश होतात.

रंगांबद्दलही थोडं. पांढरा रंग चर्च-कपेलांसाठी राखायचा आणि घरांना पावसाळ्यानंतर रंगीत चुना काढायचा ही इथली जुनी रीत. ही वस्ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात उभी राहिली. त्याआधी इथे माड होते. ही जमीन मोझांबिकमध्ये पैसा कमावून आलेल्या एका गृहस्थांची, म्हणून लोक त्यांना ‘मोसमीकार’ म्हणत. फोंतेन्हास हे नाव पडलं ते शेजारच्या मळा या भागातल्या झरीवरून.

जवळून टिपायचं असेल तर शिंपल्यांची खिडकी शोधा. काच महाग होती तेव्हा चपट्या शिंपल्यांचे तळहाताएवढे तुकडे लाकडी पट्ट्यांच्या चौकटीत ओळीने बसवत. उजेड आत येतो, ऊन येत नाही आणि बाहेरच्याला आतलं दिसत नाही. बाहेरून त्या खिडक्या मळकट वाटतात. आतून पाहायची संधी मिळाली, तर दुधात केशर कालवल्यासारखा उजेड दिसेल.

जुन्या इमारती रंगवून त्यांत प्रदर्शनं भरवली की शहर ‘जिवंत’ झालं म्हणतात. रंगापलीकडे खरंच काही झालं आहे का? पाहणाऱ्याने काय पाहावं?
– एक वाचक, म्हापसा

रंगापलीकडे झालं आहे, आणि ते कुठे नीट झालं व कुठे घाईने उरकलं हे तुम्हाला स्वतःला ओळखता येईल.

आधी थोडा हिशेब. १८४३ साली पणजी राजधानी झाली आणि सरकारी इमारती इथे दाटल्या. पुढे एकेक कचेरी बाहेर गेली. वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय १९९३ साली बांबोळीला गेलं, विधानसभा २००० साली पर्वरीला गेली. मोठमोठ्या वास्तू रिकाम्या पडल्या. २००४ साली इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात आला तेव्हा जुन्या गोमेकॉची, म्हणजे त्याच वैद्यकीय महाविद्यालयाची, इमारत दुरुस्त झाली आणि आवारात चित्रपटगृहं आली. २०१६ पासून डिसेंबरातला सेरेंडिपिटी कला महोत्सव याच वास्तूंत भरतो. ज्या व्हरांड्यात रुग्णांचे नातेवाईक बसत तिथे आता चित्रं लागतात. इमारत टिकते ती वापराने. बंद घराचं एक कौल सरकलं तरी कुणाला कळत नाही. पाणी वाशात जातं, मग वाळवी लागते आणि तीन-चार पावसाळ्यांत छप्पर खाली येतं.

आता काय पाहायचं ते. इथल्या जुन्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या. चिरा सच्छिद्र असतो. तो जमिनीतलं आणि पावसाचं पाणी शोषतो आणि उन्हाळ्यात बाहेर सोडतो. चुन्याचा गिलावा त्या पाण्याला वाट देतो. सिमेंटचा गिलावा ती वाट अडवतो. मग ओल आतच राहते, वर चढते, क्षार पृष्ठभागाशी येऊन साचतात आणि गिलावा फुगून सुटतो. म्हणून कुठल्याही दुरुस्त केलेल्या इमारतीपाशी गेलात की वर नक्षीकडे पाहण्याआधी भिंतीचा तळाचा दोन-तीन फुटांचा पट्टा पाहा. रंगाचे पापुद्रे, पांढरी भुकटी, पोकळ वाजणारा गिलावा दिसला तर तिथे सिमेंट किंवा प्लास्टिकचा रंग वापरला असण्याची शक्यता मोठी. भिंत खडबडीत, किंचित डागाळलेली पण घट्ट असेल तर चुना वापरला असावा. चुन्याच्या भिंतीवरचे थोडे डाग हा दोष नव्हे.

आझाद मैदानही याच नजरेने पाहा. तिथल्या मंडपाचे कोरीव खांब जुन्या गोव्यातल्या डॉमिनिकन मठाचे. एकेकाळी त्या मंडपात गोवा जिंकणाऱ्या आल्बुकर्कचा पुतळा होता. शेजारच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशद्वाराशी १९३५ सालच्या निळ्या-पांढऱ्या चित्रफरशा आहेत. त्यांवर पोर्तुगीज महाकाव्यातले प्रसंग रंगवले आहेत. जवळ जाऊन सांधे बघा. एकेका चित्रासाठी फरशा ओळीने जुळवल्या आहेत आणि माणसाचा चेहरा कुठेही चुकीच्या जागी तुटलेला नाही.

दुपारी दीड वाजता खरेदीला अठरा जून रस्त्यावर गेलो तर निम्मी दुकानं बंद. बंद होता का?
– एक वाचक, धारबांदोडा

बंद नव्हता, जेवणाची वेळ होती. जुनी दुकानं एक ते साडेतीन-चार या वेळात बंद असतात. रविवारीही बरीच उघडत नाहीत. सकाळी दहा ते साडेबारा किंवा संध्याकाळी साडेचारनंतर जा.

आम्ही शाकाहारी. पणजीत सकाळी खायचं काय?
– एक वाचक, पुणे

भाजी-पाव. मात्र मुंबईचा लोण्यातला पावभाजीचा प्रकार डोक्यातून काढून टाका. इथे पातळ भाजी म्हणजे नारळाच्या वाटपातला सफेद वाटाणा किंवा आळसांदे (चवळी), सुकी भाजी म्हणजे बटाट्याची, आणि दोन्ही एकत्र हवी तर ‘मिक्स’ मागायची. सोबत पाव किंवा किंचित गोड बन. बनाबरोबर पातळ भाजी हे जोडपं एकदा जमलं की सुटत नाही. वर मिरचीचं भजं आणि चहा. चर्च स्क्वेअर आणि बाजार यांच्या मधल्या जुन्या हॉटेलांत आठ ते दहा ही खरी वेळ. त्यानंतर भाजी संपते किंवा सारखी तापवून आटलेली मिळते. टेबल दुसऱ्यांबरोबर वाटून घ्यावं लागेल, ती तिथली पद्धतच आहे.

बेकरीतून पोई घ्या. कोंड्याची ही चपटी, पोकळ भाकरी त्याच दिवशी खावी. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पुण्याला नेलीत तर ती वातड होते. न्यायचीच असेल तर कागदात गुंडाळा आणि खाताना थेट आचेवर अर्धा मिनिट शेकून घ्या.

दोन मुलं, वय सहा आणि दहा. चर्च-म्युझियमला कंटाळतात. दोन संध्याकाळी आहेत.
– एक वाचक, बेळगाव

पहिल्या संध्याकाळी नदीपलीकडच्या बेतीची फेरीबोट. पणजीच्या धक्क्यावरून पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, नदी ओलांडायला काही मिनिटं लागतात आणि तीच फेरी परत आणते. मुलांना कठड्यापासून हातभर आत उभं करा. फेरी धक्क्याला लागताना झटका बसतो, तेव्हा त्यांचा हात धरा. १९८६ च्या जुलैमध्ये मांडवीचा पहिला पूल कोसळला, तेव्हा याच फेरीबोटींनी शहर चालू ठेवलं होतं, हे दहा वर्षांच्या मुलाला जरूर सांगा. तासाभराची गाण्या-नाचाची बोट हवी असेल तर ती पुलाजवळच्या सांता मोनिका धक्क्यावरून सुटते. मात्र शनिवार-रविवारी कॅसिनोंच्या गर्दीने नदीकाठचा रस्ता तुंबतो, म्हणून सुटायच्या अर्धा तास आधी पोचा. नदीकाठी नदीच दिसेनाशी व्हावी इतकी ही कॅसिनो-जहाजांची रांग लांबली आहे, हे दुखतं.

दुसऱ्या संध्याकाळी ओरेमच्या खाडीकाठची खारफुटीतली लाकडी वाट. इथे भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहूनच जा. भरतीत नुसतं पाणी दिसेल. ओहोटीच्या आगेमागे तासभर गेलात तर चिखलातून वर आलेली पेन्सिलीसारखी श्वासमुळं, चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या आणि एकच नांगी मोठी असलेले खेकडे दिसतील. मोठी नांगी फक्त नराला असते. मुलांना नर-मादी मोजायला सांगा, अर्धा तास निघून जाईल. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा कालची वेळ आज चालत नाही. डासांसाठी पूर्ण बाह्यांचे कपडे घाला.

वर्षातून एकदाच येणं होतं. कधी यावं? पाऊस टाळावा का?
– एक वाचक, कोल्हापूर

सिनेमा आवडत असेल तर इफ्फी, नोव्हेंबरचा शेवटचा पंधरवडा. प्रतिनिधी म्हणून नोंदणी आधी ऑनलाइन करावी लागते. चित्र, नाटक, संगीत असं सगळं हवं असेल तर डिसेंबरच्या मध्यातला सेरेंडिपिटी. तिथेही नोंदणी लागते, पण ती मोफत आहे. ८ डिसेंबरला चर्चचं फेस्त असतं, तेव्हा चौकात खाजें आणि चण्यांचे ठेले लागतात. कार्निव्हलची मिरवणूक शनिवारी आणि शिगम्याची मार्चच्या सुमारास. दोन्ही दिवशी दुपारपासून नदीकाठचे रस्ते बंद होतात. गाडी पाटोच्या बहुमजली पार्किंगमध्ये किंवा बेतीला ठेवून फेरीने या.

पाऊस टाळू नका, फक्त त्याचं गणित समजून घ्या. पणजीचे नाले खाडीत आणि नदीत उतरतात. भरती असताना त्यांची तोंडं पाण्याखाली जातात आणि शहरातलं पाणी बाहेर पडायला जागा उरत नाही. म्हणून अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला जोराचा पाऊस लागला की अठरा जून रस्ता आणि मळा तुंबतात. ओहोटी लागली की दोन-तीन तासांत पाणी उतरतं. तोवर चहा घेत थांबा, साचलेल्या पाण्यातून चालू नका, गटाराचं झाकण उघडं असू शकतं. चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. मळ्याच्या मारुतीला जाताना चामडी तळव्याची चप्पल नको. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताटात नदीची मासळी, तिसऱ्यो (शिंपल्या) किंवा सुकी मासळी मागा.

आणि श्रावणात जमलं तर अष्टमीच्या फेरीला या. ही फेरी म्हणजे बोट नव्हे, बाजार. गोकुळाष्टमीच्या सुमारास नदीकाठी दुकानांची रांग लागते. पोळपाट, विळ्या, माठ, फर्निचर, कपडे सगळं असतं. घासाघीस करायची तर पहिल्या दिवशी करू नका. शेवटच्या दोन दिवसांत विक्रेते माल परत न्यायला नाखूश असतात. विळी घेताना पातं बोटाने हलवून बघा, खिळ्यापाशी जराही खेळ असेल तर ती ठेवून द्या.