कार्नेगीचा बंगला : तिकीट वसूल होतं का?

तुम्ही विचारलंय की आईबाबांना घेऊन न्यूयॉर्कला मेट (मेट्रोपॉलिटन म्युझियम) बघून झाल्यावर अर्धा दिवस उरतोय, तर कार्नेगीच्या बंगल्यातलं कूपर ह्यूइट म्युझियम करावं का, की उगाच पैसे जातील. माझं मत, जा, पण म्युझियमपेक्षा घर बघायला म्हणून जा.

कारण कसंय, हे स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या मोठ्या म्युझियम-संस्थेचं डिझाइन म्युझियम, वॉशिंग्टनमधली त्यांची बाकी म्युझियम्स फुकट आणि इथे मात्र तिकीट, त्यामुळे लोक आधीच वैतागून आत शिरतात. संग्रह दोन लाखांच्या वर वस्तूंचा आहे, वॉलपेपर, लेस, खुर्च्या, काय म्हणाल ते, पण दिसणार तेवढंच जेवढं त्यावेळच्या प्रदर्शनात मांडलेलं असेल. आधी वेबसाइटवर काय चालू आहे ते बघून घ्या, नाहीतर बाबा हमखास म्हणणार "एवढंच?"

घर मात्र खणखणीत. पोलादवाल्या अँड्र्यू कार्नेगीने १८९९ ते १९०२ मध्ये बांधलं, ६४ खोल्या, आतला सांगाडा पोलादाचा (तो दुसरं कशाचं बांधणार म्हणा!) आणि त्या काळात घरात लिफ्ट. खालच्या हॉलला स्कॉटलंडच्या ओकचं पॅनेलिंग आहे. तिथे पाइप ऑर्गन होता आणि रोज सकाळी वादक येऊन तो वाजवायचा, म्हणजे शेटजींची काकडआरतीच. त्याची बायको लुईझ १९४६ पर्यंत इथे राहिली, म्युझियम उघडलं ते १९७६ला.

आता खरी गोष्ट. दुसऱ्या मजल्यावर, म्हणजे आपल्या हिशोबाने पहिल्या, टीक रूम, म्हणजे सागवानी खोली आहे, ती चुकवू नका. कार्नेगी कुटुंबाची लायब्ररी होती ती, लॉकवूड डी फॉरेस्ट या अमेरिकन चित्रकार-सजावटकाराने सजवलेली. हा माणूस १८८१च्या सुमारास लग्नानंतरच्या प्रवासात भारतात आला, अहमदाबादचं लाकडी कोरीव काम बघून वेडा झाला आणि तिथल्या मगनभाई हठीसिंगांबरोबर कारखानाच काढला. तेच सागवान इथे फिफ्थ अव्हेन्यूवर! भिंतींवरच्या स्टेन्सिलच्या नक्षीकडे नंतर बघा, आधी लाकडाजवळ जाऊन बघा, वेलबुट्टी किती खोल कोरलीय ते. अहमदाबादच्या पोळांमधली, म्हणजे जुन्या गल्लीमोहल्ल्यांमधली घरं बघितलेल्याला लगेच ओळख पटते. या खोलीतही कधीकधी प्रदर्शन मांडतात, तेव्हा आत गेल्यागेल्या काउंटरवर विचारा उघडी आहे का.

मेटपासून चालत १०-१५ मिनिटं, ९१व्या रस्त्यावर. आईंचे गुडघे दुखत असतील तर वरखाली करायला लिफ्ट आहे. आणि मागच्या बागेला तिकीट लागत नाही, ९०व्या रस्त्याच्या बाजूने गेट आहे, त्यामुळे नाहीच जायचं ठरलं आत तर निदान बाकावर बसून बंगला बाहेरून तरी बघून या.