साखर ‘कंट्रोल’ला आली, मग गोळी कशाला?

समुपदेशनाला येणाऱ्या मधुमेहींच्या तोंडून हा प्रश्न सारखा ऐकू येतो. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीच्या एका काकांचंही हेच झालं. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा, म्हणजे एचबीएवनसीचा, आकडा 6.8 टक्के आला. डॉक्टर म्हणाले, "कंट्रोल चांगला आहे." काकांनी दुसऱ्या दिवशी मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी बंद केली. चार महिन्यांनी आकडा 9.2. आता "कंट्रोल नाही" हे शब्द असे लागले की घरच्यांसोबत जेवायला बसणंही त्यांनी सोडलं.

तिसऱ्या भेटीत म्हणाले, "माझाच जिभेवर ताबा न्हाई, असंच म्हणायचं असणार डॉक्टरांना."

खरी गाठ इथं होती. एकाच शब्दाचा अर्थ आधी ‘बरा झालो’ आणि मग ‘मी वाया गेलेला’ असा घेतला होता. माणूस आजारापेक्षा आजाराच्या अर्थाप्रमाणे वागतो, हे अशा वेळी पुन्हा पटतं.

पंचगंगेचा पूर काकांच्या ओळखीचा, म्हणून मी नदीच्या पातळीवरून विचारलं, "काका, राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट म्हणजे?"

"इशारा पातळी. 43 ला धोका."

"आणि 36 वर आलं की?"

"उतरलं म्हणायचं."

"म्हणजे नदी संपली?"

"नदी कुठं जातीया? पावसाळाभर पातळी बघावीच लागती."

बराच वेळ गप्प राहून ते स्वतःच पुढं बोलले, "आणि पाणी चढलं म्हंजे गावाचा गुन्हा नसतो." हे त्यांना कुणी सुचवलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मान वर करून बोलणं केलं.

तर कंट्रोल म्हणजे उपचार चालू असताना आकडा ठरलेल्या पातळीत असणं. बहुतेक प्रौढांसाठी ही पातळी 7 टक्क्यांच्या आत असते. वय जास्त असेल किंवा साखर वारंवार फार खाली उतरत असेल, तर डॉक्टर ती थोडी सैल ठेवतात. साखरेचं औषध थांबवून किमान तीन महिने झाल्यावरही आकडा 6.5 च्या खाली असेल, तर त्याला वेगळा शब्द आहे, रेमिशन. तेव्हाही वर्षातून एकदा तरी तपासणी हवीच. बीपीचंही तसंच: गोळी घेऊन आलेला 130/80 हा गोळीसकटचा आकडा.

गोळी कमी करायची इच्छा असेल, तर ती डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा. घाम, थरथर आणि ग्लुकोमीटरवर त्या वेळची साखर 70 च्या खाली, असं झालं तर लगेच तीन छोटे (चहाचे) चमचे साखर पाण्यातून घ्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा आणि डोसबद्दल विचारा.

काका आता वहीत प्रत्येक आकड्यापुढं ‘गोळी चालू’ लिहितात. शेवटची नोंद: 7.1, गोळी चालू, रोज पाऊण तास चालणं.