वाचक विचारतात: एकच वाट, पायी, सायकल आणि घोडा

प्रश्न : मुलगी इंग्लंडमध्ये विंचेस्टरला असते. जूनमध्ये तिच्याकडे जाऊ तेव्हा तिथली 'साउथ डाउन्स वे' ही लांब पल्ल्याची वाट करायचा बेत आहे. मी चालणार, मिस्टर सायकलने. दोघांना सगळीकडे एकच वाट मिळेल का? (वर्तकनगर, ठाणे)

उत्तर : शेवटचा टप्पा सोडला तर जवळपास सगळीकडे मिळेल. विंचेस्टर ते ईस्टबोर्न ही सुमारे 160 किलोमीटरची वाट बहुतांशी 'ब्रायडलवे' आहे. तिच्यावर पायी, सायकलने आणि घोड्यावरून जाण्याचा हक्क आहे. अल्फ्रिस्टनला मात्र दोन फाटे फुटतात. सेव्हन सिस्टर्सच्या समुद्रकड्यांवरून फक्त पायी जाता येतं. सायकल आणि घोडा आतल्या बाजूने, जेव्हिंग्टनमार्गे. म्हणजे तो दिवस वेगवेगळा, भेट थेट ईस्टबोर्नला. निळा बाण ब्रायडलवेचा, पिवळा पायवाटेचा. मिस्टरांना निळा बाण दिसेनासा होऊन नुसता पिवळा दिसू लागला, तर तिथेच थांबून नकाशा बघावा.

चालत 8 ते 9 दिवस लागतात, सायकलने 3 दिवस पुरतात. म्हणून रोज बरोबर राहण्याचा हट्ट नको. मुक्काम एक ठेवा, दिवस आपापला. वाट मधूनमधून नदीच्या खोऱ्यात उतरते. तिथे ॲम्बर्ली आणि साउथीझ ही रेल्वे स्टेशनं वाटेलगतच आहेत, पाय दुखले तर टप्पा तोडता येतो. माथ्यावर ओढे नाहीत, कारण खडूच्या दगडातून पाणी झिरपून जातं. पुढचा नळ कुठे आहे ते रोज सकाळी बघून ठेवा आणि माणशी 2 लिटर पाणी बरोबर घ्या. माळावर वाटेल तिथे तंबू ठोकता येत नाही.

प्रश्न : अशा वाटेवर घोडा समोर आला तर कुणी थांबायचं? घंटी वाजवली तर तो बुजतो का? (नेरुळ)

उत्तर : थांबायचं सायकलवाल्याने. ब्रिटनच्या 1968च्या कायद्याने ब्रायडलवेवर सायकल चालवायचा हक्क दिला तो याच अटीवर, की पायी चालणाऱ्याला आणि घोडेस्वाराला आधी वाट द्यायची.

समोरून येणाऱ्या घोड्याचा फारसा प्रश्न नसतो, घोळ होतो तो मागून जाताना. घोड्याला दोन्ही बाजूंचं भरपूर दिसतं, पण शेपटीच्या थेट मागचं दिसत नाही. तिथून सायकलच्या मागच्या चाकाची टकटक ऐकू आली की तो उडी मारतो किंवा लाथ झाडतो. म्हणून बरंच अंतर असतानाच वेग कमी करा आणि घंटीपेक्षा तोंडाने बोला. साधं 'हॅलो, मागे सायकल आहे' पुरतं. माणसाचा आवाज आहे हे घोड्याला कळतं, आणि स्वाराला लगाम सावरायला वेळ मिळतो. स्वाराने हो म्हटल्यावर, वाट देईल तेवढं अंतर ठेवून सावकाश पुढे जा. लगेच जोर मारू नका. घोडा त्या वेगामागे धावू बघतो. त्याचे कान मागे पडले, तो आडवा सरकू लागला, तर उतरून उभे राहा.

चालणाऱ्यांनीही एक सांभाळावं. आपल्याकडचा फडफडणारा पाँचो किंवा फटकन उघडलेली छत्री घोड्याला सायकलइतकीच घाबरवते. आणि कौतुकाने खाऊ भरवायला जाऊ नका.

प्रश्न : हायब्रिड सायकलचे 32 मिमीचे टायर चालतील का? (ऐरोली)

उत्तर : कोरड्यात निभतील, तरी 40 किंवा त्याहून रुंद घ्या. खरा शत्रू गारगोटी. फुटली की तिची धार सुरीसारखी होते आणि टायरची बाजू चिरते. ट्यूबलेसमधलं सीलंट बारीक भोक बुजवतं, चीर बुजवत नाही. त्यासाठी एक जादा ट्यूब आणि चिरेच्या आतून लावायला जुन्या टायरचा 5 सेंटिमीटरचा तुकडा ठेवा. पावसानंतर खडू चिकट होऊन फ्रेम आणि टायरमधल्या फटीत दाटतो, ब्रेकचे पॅडही झिजवतो. उतारावर ओला, पांढरा, गुळगुळीत दगड दिसला तर त्याच्यावर ब्रेक दाबू नका. आधीच वेग कमी करा.

प्रश्न : इथे सराव कुठे करू? पाम बीच रोडवर रोज जातो. सायकल विमानाने नेणार आहे. (सीवूड्स)

उत्तर : पाम बीच सपाट, त्याने दम वाढतो, चढाची सवय होत नाही. या वाटेवर एकूण चढ 4,000 मीटरच्या आसपास, तोही तुकड्यातुकड्यांनी. म्हणून पारसिक हिल किंवा येऊरचा डांबरी चढ एकाच सकाळी लागोपाठ 4-5 वेळा करा, पाठीवर प्रवासातलंच सामान घेऊन. येऊरला वनखात्याच्या वेळा पाळा, आणि जंगलातल्या पायवाटांवर सायकल घालू नका.

खोक्यात भरताना मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) 5 मिमीच्या ॲलन कीने सोडवून फ्रेमच्या आत बांधा, नाहीतर हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारी पट्टी, वाकतो. डिस्क ब्रेक असेल तर चाक काढल्यावर पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी सारा. वाटेत लिव्हर दाबला गेला तर पॅड एकमेकांना चिकटून बसतात. डाव्या पेडलचा आटा उलटा असतो. ते काढताना पाना घड्याळाच्या दिशेने फिरवा.